जित्ती पेशी रंग घेत न्हाय

माझी सून मला हसते. चहा झाला की कप मी धुवायला घेते, नळाखाली धरते, पाणी ओतून देते, पुन्हा धरते, पुन्हा ओतते. नऊ वेळा. "आत्ती, कप झिजून जाईल की ओ," म्हणते ती. झिजू दे. हाताला लागलेली सवय आहे, आता सुटायची नाही. आणि नववं पाणी ओतताना दर वेळी मला रेणुका मॅडम दिसतात. काचेची बशी तिरकी धरून खिडकीच्या उजेडाकडं बघणाऱ्या. बशीवर एक जरी थेंब अडकून राहिला तरी त्यांच्या लेखी ती बशी घाण. पाणी कसं, पदर सरकावा तसं सबंध सरकून गेलं पाहिजे. "थेंब अडला म्हणजे तिथं कायतरी लपून बसलंय, शांताक्का. परत धू."

मी मूळची निपाणीची. चौथी शिकले आणि विड्या वळायला बसले. पुढचं जे काय वाचायला-लिहायला आलं ते इकडून तिकडून गोळा केलेलं. नवऱ्याची नोकरी बेळगावात आली, बिऱ्हाड तिकडं गेलं, आणि ओळखीनं मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या-बशा धुवायचं काम लागलं. कुठलं कॉलेज ते सांगत बसत नाही. आता शेजारच्या कडोली गावच्या साहित्य संमेलनात मागल्या रांगेत बसून ऐकायला जाते, तिथं लोक मोठमोठ्या माणसांवर बोलतात. मला वाटलं, आपल्याला जी मोठी वाटली तिच्यावर आपण लिहावं. कुणी हार घातला नाही तिला, पण ते काय मोठेपणाचं माप नव्हे.

रेणुका मॅडम बेळगावजवळच्या गुंजी गावच्या. घर शेतकऱ्याचं, भाताची शेती. रोज सकाळच्या आगगाडीनं बेळगावला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बुटक्या, काळ्यासावळ्या, इरकली लुगडं आणि त्याखाली पोरं घालतात तसले कॅनव्हासचे बूट. चष्म्याला मागं दोरा. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एक जाड वही. त्या वहीच्या प्रत्येक पानावर, वही कोरी असतानाच, त्या स्वतःच्या हातानं नंबर घालून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "मॅडम, लिहायच्या आधीच नंबर कशाला?"

"म्हणजे पान कुणाला फाडता येत न्हाय. फाडलं तर मागचा-पुढचा नंबर बोंबलतो."

"कोण फाडणार?"

"मीच. एखाद्या दिवशी माझंच मन झालं तर?"

सही त्या मराठीत करायच्या. पगाराच्या रजिस्टरवर, गॅसचा सिलिंडर आला तर त्याच्या पावतीवर, सगळीकडं रेणुका, मोठ्या ठसठशीत अक्षरात. आमचे बसूअण्णा ऑफिसातले शिपाई, घरात कानडी बोलणारे, आमच्याशी मोडकीतोडकी मराठी. त्यांना वरनं बोलणी बसायची, की या बाईंना इंग्रजीत सही करायला सांगा. ते येऊन हात जोडायचे. "मॅडम री, एकदा इंग्लिश मारून सोडा की. माझं डोकं खातेत."

"अण्णा, सही माझी हाय का साहेबांची?"

"तुमचीच री."

"मग मला येती तशी. वाचता येत न्हसेल तर मला बोलवा, मी येऊन वाचून दाखवतो."

हो, 'दाखवतो'च. आमच्या भागात बायका पण मी येतो, मी जातो असंच बोलतात; लिहिताना मी आपलं पुस्तकातलं लिहिते. पुण्याकडनं एक पाहुणे आले होते, ते गालात हसले. मॅडम म्हणाल्या, "हसून घ्या. झालं की इकडं या आणि दुर्बिणीत बघा." पाहुणे दुर्बिणीला डोळा लावून बसले.

त्या दुर्बिणीतच मी पहिल्यांदा पेशी बघितल्या. शिकलेले तिला सूक्ष्मदर्शक म्हणतात, आम्ही दुर्बीणच म्हणायचो. हाडाच्या पेशी. बशीत गुलाबी पाणी, उबदार पेटीत ठेवलेली बशी, आणि त्यात डोळ्याला न दिसणारा जीव. दुर्बिणीतनं बघितलं तर सगळीकडं चांदण्या पसरल्यागत, पाय ताणून बशीला धरून बसलेल्या. मॅडम त्यांना 'पोरं' म्हणायच्या. रविवारी, सणावाराला, गाड्या बंद असल्या तर एसटीनं, पण त्या यायच्याच. "पोरं उपाशी हायत," म्हणायच्या आणि ते गुलाबी पाणी बदलायच्या. स्वतःचं लग्न केलं नव्हतं. कुणी खोचून विचारलं की म्हणायच्या, "एवढी लाखभर पोरं सांभाळतो, आणि किती पाहिजेत?"

काम काय होतं ते मला त्यांनी एका दुपारी डब्याच्या वेळी सांगितलं. पिशवीतनं एक काचेचा तंतू काढला. केसाएवढा बारीक. मला वाटलं त्यांचा पिकलेला केसच आहे.

"कावडीचा बांबू बघितलायस? घागरी भरल्या की कसा वाकतो?"

"व्हय."

"आपलं हाडबी तसंच वाकतं. चालताना, ओझं उचलताना. डोळ्याला दिसत न्हाय एवढंच. पाय मोडला, डॉक्टरनं आत पट्टी बसवली, तर हाड खरं जुळलं का, त्यानं भार घेतला का, का सगळा भार पट्टीच घ्यायलीय, हे बाहेरनं नीट कळत न्हाय. हा काचेचा केस हाडाला चिकटवायचा. ह्या टोकानं उजेड सोडायचा. आत बारीक खाचा हायत, त्या एकच ठराविक रंग परत पाठवतात. हाड ताणलं की काच ताणती, खाचा लांबतात, आणि परत येणारा रंग जरासा हलतो. किती हलला ते मोजलं की हाडाला किती ताण बसला ते कळलं."

मी तोंडात भाकरी तशीच ठेवून ऐकत होते. "मग तुमचं काम काय? रंग मोजायचं?"

"ते दुसरे मोजतात. ते हुशार हायत." ठेच्याला बोट लावून त्या म्हणाल्या, "माझं काम वेगळं. घरात पाव्हणा आला. पाव्हण्याला जेवायला मिळालं का हे सगळे बघतात. पाव्हणा आल्यावर घरातली माणसं जेवली का, ते मी बघतो."

म्हणजे तो तंतू, त्याच्यावरचा लेप, त्याला चिकटवायचा गोंद, हे सगळं शरीराच्या आत गेल्यावर तिथल्या पेशी जगतात का मरतात, एवढंच. बशीत पेशी वाढवायच्या, त्यात तंतूचा तुकडा ठेवायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक निळा रंग घालून बघायचं. "मेलेली पेशी निळी होती. तिच्या अंगात रंग शिरतो, ती काय करणार. जित्ती पेशी रंग घेत न्हाय. तिला दार लावता येतं." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवीन.

आता माझी चूक सांगते. लपवण्यासारखं काही नाही, त्या वहीतच लिहून ठेवलेली आहे.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर पूजतो, गवंडी थापी पूजतो, बेळगावात तर त्या दिवशी रिक्षा-टेम्पोपासून कारखान्यातल्या मशिनीपर्यंत सगळ्याला झेंडू लागतो. मी विचार केला, माझं हत्यार काय? बशा आणि बाटल्या. मॅडम त्या दिवशी उशिरा यायच्या होत्या. मी सगळ्या बशा ओळीनं मांडल्या, एकेका बशीला हळदीकुंकवाचं बोट लावलं, उबदार पेटीला हार घातला, उदबत्ती ओवाळली. इतकं छान दिसत होतं. मग मला वाटलं, मॅडम ओरडतील, म्हणून घरनं आणलेल्या वासाच्या साबणपुडीनं सगळं चकचकीत घासून परत जागच्या जागी ठेवलं.

मॅडमनी येऊन त्याच बशांत पेशी घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या बशांमधली पोरं मेलेली. ज्या बशांत काहीच ठेवलं नव्हतं, नुसत्या पेशी होत्या, त्यासुद्धा. गोल गोल मण्यासारख्या होऊन सुटून तरंगत होत्या. मॅडमनी मला विचारलं, आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. आजूबाजूची शिकलेली पोरं तोंडं लपवून हसली. एक जण म्हणाला, "देवीचा कोप की ओ मॅडम."

मॅडम त्याच्याकडं वळल्या. "तुला खात्री हाय, हळदीनंच मेल्या?"

"मग काय."

"मोजलंस?"

तो पाठ फिरवून आपल्या टेबलाकडं गेला.

मॅडमनी काय केलं, तर तीन बशा वेगळ्या घेतल्या. एकीला माझ्यासारखंच हळदीचं बोट, एकीला कुंकवाचं, एकीला माझी साबणपूड. तिन्ही नेहमीच्या पाण्यानं धुतल्या आणि पेशी घातल्या. हळदीच्या बशीत पोरं ठणठणीत. कुंकवाच्या बशीत थोडी मरगळलेली. साबणाच्या बशीत सगळी निळी. म्हणजे माझी पूजा निर्दोष होती. चूक ती लपवायला घासलं त्यात होती.

मॅडमनी वहीत लिहिलं, मला वाचून दाखवत दाखवत: "खंडेनवमीला बशांची पूजा केली. साबण नीट निघाला नाही. पेशी मेल्या. चूक आमची." खाली सही, रेणुका. मग वही माझ्याकडं सरकवली. "तूबी कर."

"मी? माझी सही कशाला लागती?"

"धुणारी तू. तुझी सही न्हसेल तर हे अर्धंच खरं हाय."

वहीत सही करायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. शांता असं लिहिलं, त काय नीट आला नाही. त्या दिवसापासनं नऊ पाण्यांचा नियम लागला. आणि पुढच्या खंडेनवमीला झेंडूचा हार मॅडमनी स्वतः आणला, पण दाराच्या चौकटीला बांधायला. "पूजा बाहेरनं. देवीला आत यायचं तर तिलाबी नऊ पाणी."

तर ही माझी चूक. आता लोक ती चूक मॅडमच्या गळ्यात कशी बांधायला निघाले ते ऐका.

काचेचा तंतू तयार झाला होता. रंग मोजणारे हुशार लोक खूश होते. हाडावर तो चिकटवायला एक झटपट वाळणारा गोंद निवडला होता, असा घट्ट की हाड तुटेल पण जोड सुटणार नाही. गोंद घट्ट नसेल तर मोजमाप चुकतं, म्हणून सगळ्यांचा जीव त्या गोंदावर. शहरातल्या एका दवाखान्याशी बोलणं झालं होतं. नडगी मोडलेल्या काही पेशंटांची तयारी होती, पट्टी बसवताना सोबत हा तंतू पायात बसवायचा, आणि तो कित्येक महिने आत राहायचा. राहिला होता एकच कागद. पेशींना त्रास होत नाही, असा. त्या कागदावर सही रेणुका मॅडमची लागायची.

मॅडमनी नुसता तंतू ठेवून बघितला. पोरं मजेत, काचेला चिकटून बसलेली. मग गोंद लावलेला तंतू ठेवला. तिसऱ्या दिवशी रंग घातला आणि मला हाक मारली. मी डोळा लावला. तुकड्याभोवती निळं कडं. शेत जळावं तसं, गोलाकार. कड्याच्या पलीकडं चांदण्या होत्या, पण त्याही पाय आखडून.

"परत करू," मॅडम म्हणाल्या. परत केलं. परत निळं. गोंद चार दिवस जास्त वाळवून केलं. कडं जरा लहान झालं, पण निळं ते निळंच.

विभागाचे मोठे सर स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं त्यांनी त्या तंतूच्या मागं घालवलेली, आणि वरनं रोज फोन, की कधी बसवताय. मी मोरीत बशा धुवत होते, दार उघडं होतं.

"मॅडम, तुमच्या बशांचा काही प्रॉब्लेम आहे," सर म्हणाले.

"न्हाय."

"असेल. यापूर्वी झालंय की. तुमच्याच वहीत आहे. त्या बाईनं साबण लावला होता, सगळ्या पेशी गेल्या होत्या. तुमच्या हातचं, सहीनिशी." त्यांनी वही उघडूनच आणली होती. त्या पानावर बोट ठेवलं. माझ्या हातातली बशी तशीच राहिली. "तसंच याही वेळी लिहा. भांडी नीट धुतली गेली नव्हती, त्यामुळे हे निकाल धरू नयेत. मग नवीन एक टेस्ट करा, जरा... समजुतीनं. आणि त्या बाईला दुसरीकडं काम देऊ. तिचं नुकसान होणार नाही."

मनात म्हटलं, लिहू दे. माझं काय, मी बशा धुणारी, दुसरीकडं फरशी पुशीन. मी दाराशी जाऊन म्हणालेसुद्धा, "मॅडम, लिहा की. माझ्या हातनं झालं असंल."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदराला हात पुसत उभी राहिले.

"झालं असंल? मोजलंस?"

"न्हाय, पण..."

"मग बोलू नको." सरांकडं वळून म्हणाल्या, "ते पान खरं हाय म्हणून मी लिवलं. हे खोटं हाय म्हणून मी लिवत न्हाय. तेव्हा चूक आमची होती, आता गोंदाची हाय. खऱ्या पानाचा दाखला देऊन मला खोटं पान लिवायला सांगताय, सर?"

"पेशंट वाट बघतायत, मॅडम."

"त्यांच्या पायात बशी न्हाय बसवायची तुम्ही. गोंद बसवायचाय."

सर तापले. म्हणाले, तुमची ही बाई धुते आणि तुम्हीच मोजता, मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा. मॅडम म्हणाल्या, "ठेवू नकाच." आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी डाव मांडला. बशा सरांच्या माणसानं धुवायच्या. शांताक्का खोलीत पाय ठेवणार नाही. तुकडे सरांनीच बशांत ठेवायचे, काहींत गोंदाचे, काहींत नुसत्या काचेचे. बशांवर फक्त अक्षरं, आणि कुठल्या अक्षरात काय आहे ती यादी बसूअण्णांकडं. मोजणार मॅडम, पण त्यांना ठाऊक नसणार की काय मोजतोय.

बसूअण्णा घाबरले. "ब्याड री मॅडम, नको. माझ्याकडं कशाला? दोन हत्तींच्या मधी मी."

"तुम्हाला मराठी वाचता येत न्हाय आणि त्यांना कानडी. यादी कानडीत लिवून घ्या आणि डब्यात ठेवा. तुमच्या डब्याला कोण हात लावत न्हाय."

हे खरं होतं. अण्णांच्या डब्यातल्या सुकटीच्या वासानं अख्खा विभाग पळायचा.

ते चार दिवस मी मोरीत गेले नाही. जिन्यात बसून राहायचे. मॅडम येता-जाता माझ्या पुढ्यातनं जायच्या, थांबायच्या नाहीत. मला वाटायचं, समजा सगळ्याच बशा चांगल्या निघाल्या तर? म्हणजे खरंच माझाच हात वाईट ठरला तर? चौथ्या दिवशी जाताना त्या थांबल्या. "भाकरी खाल्लीस?"

"मॅडम, माझ्यामुळं असंल तर..."

"तर लिवीन. तुझं नाव घालून लिवीन, तुला ठाऊक हाय. म्हणूनच सांगतो, घाबरू नको." आणि आत गेल्या.

यादी उघडायच्या वेळी मला आत बोलावलं. सर, त्यांची दोनचार माणसं, बसूअण्णा डबा छातीशी धरून. मॅडमनी आधी आपलं मोजणं वहीत लिहून त्याखाली सही केली, म्हणजे नंतर बदलता येऊ नये. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीबी बघा. माझ्या डोळ्यावर जाऊ नका." सर खरंच खुर्चीत बसले, डोळा लावला. एकेक बशी. शेवटची बशी झाली तेव्हा ते चष्मा काढून पुसत राहिले.

"अण्णा, वाचा," मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी डबा उघडला. वास सुटला, कुणी नाक धरलं नाही. ते एकेक अक्षर वाचत गेले, आणि मॅडम वहीतलं बोलत गेल्या. गोंद, निळी. काच, चांगली. काच, चांगली. गोंद, निळी. एकही चुकली नाही. शेवटाला अण्णा स्वतःच म्हणाले, "हौद री. सगळं बरोबर हाय." आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

आता तुम्हाला वाटेल, सर म्हणाले असतील, मॅडम, तुमचं खरं. तसं झालं नाही. ते म्हणाले, बघू. दोन दिवसांनी कागद आला, त्यात 'किंचित परिणाम, चिंतेचं कारण नाही' असं छापलेलं आणि खाली मॅडमच्या सहीची जागा. मॅडमनी त्या जागेवर सही केलीच नाही. तिथं लिहिलं, "गोंदानं पेशी मरतात. पान एकशे बारा बघा." आणि त्याच्याखाली, आपल्या ठसठशीत अक्षरात, रेणुका. त्या कागदाचा काही उपयोग राहिला नाही.

मग त्यांच्याकडनं ते काम काढलं. नव्यानं लागलेल्या एका मुलीला दिलं. मॅडमनी तिला एका शब्दानं काही शिकवलं नाही, फक्त वही तिच्या टेबलावर ठेवली. महिन्याभरानं ती मुलगी सरांच्या खोलीतनं रडून बाहेर आली, पण सही न करता आली. तिच्याही बशा निळ्याच होत्या. मग कुठं गोंद बदलला. दवाखान्यात हाडासाठी वापरतात त्यातला दुसरा आणला, तंतूवरचा लेपही बदलला. वर्ष गेलं. नव्या गोंदाला चांदण्या चिकटून बसल्या, मीच बघितल्या. पुढं तो तंतू पेशंटांच्या पायात गेला, आणि त्याबद्दल जे काही छापून आलं त्यात खूप नावं होती, मॅडमचं नव्हतं. मला संताप आला. मी म्हटलं, जाऊन भांडा. त्या बूट बांधत होत्या, गाडीची वेळ झालेली.

"नाव न्हाय ते बरंच की. चुकलं तर मला कोण विचारायला येणार न्हाय." मग हसल्या. "पोरं जित्ती हायत न्हवं? मग झालं. नाव काय खायचंय?"

त्याच वर्षी निवृत्त झाल्या. वही मागं ठेवून गेल्या. ती मुलगी अजून वापरते, ऐकलंय.

मधे तीनचार वर्षं गेली. आणि एका सकाळी त्यांच्या भावाचा फोन, की गुंजीच्या स्टेशनात पाय घसरून पडल्या, मांडीचं हाड वरनं मोडलंय, बेळगावला आणतोय. मी पळत गेले. दवाखान्यात खाटेवर, चष्मा तसाच दोऱ्यानं बांधलेला, चेहरा दुखण्यानं आवळलेला. मला बघून म्हणाल्या, "हात धुतलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तरुण डॉक्टर आला, हातात कागद. "आजी, इथं सही करा. मांडीत नवीन गोळा बसवणार, तो सिमेंटनं पक्का करायचा. काही काळजी करू नका."

"सिमेंट कसलं?"

"हाडाचं असतं, आजी. वेगळं असतं."

"ठाऊक हाय. कुठलं? ते हाडाला चालतं हे कुणी तपासलंय? कागद दाखवा."

डॉक्टर भावाकडं बघायला लागला. भाऊ म्हणाला, "ताई, करून टाक की सही. कशाला आता?" नर्स म्हणाली, खाली सगळे थांबलेत. मी खिडकीचा पडदा सारला, वाचायला उजेड यावा म्हणून. मला माहीत होतं.

"आजी, सगळे करतात सही," डॉक्टर म्हणाला.

"करू देत. मी वाचल्याबिगर करत न्हाय. तुम्ही बारीक आहात वयानं, तुम्हाला राग येऊ दे, पण कागद आणा. माझ्या मांडीत जाणार हाय, तुमच्या न्हाय."

तो गेला. मला वाटलं मोठ्या डॉक्टरला घेऊन येणार आणि बोलणी बसणार. पण पाऊण तासानं तो एकटाच आला, सिमेंटच्या खोक्यातला घडी घातलेला कागद आणि आणखी दोन पानं घेऊन. घाम आला होता त्याला, कपाटं शोधली असणार. मॅडमनी चष्मा वर केला आणि वाचायला लागल्या. दुखत होतं, मधे मधे डोळे मिटायच्या, पुन्हा उघडायच्या. बोटानं एकेक ओळ. एका जागी थांबल्या.

"हे बघा, इथं. पेशींवर तपासलंय. खाली सही हाय." कागद डॉक्टरसमोर धरला. "ही कुणाची? माणसाची हाय का नुसता शिक्का?"

डॉक्टर वाकला, वाचलं. "माणसाचीच आहे, आजी. बाई आहेत कुणीतरी."

"मग चालतंय. आणा पेन."

आणि त्यांनी सही केली. रेणुका. झोपून केली तरी तशीच, ठसठशीत.

ऑपरेशन चांगलं झालं. वर्षभर त्या काठी टेकत गुंजीत हिंडल्या, मग एका पावसाळ्यात हृदयानं दगा दिला. मी तेव्हा मुलीकडं होते, पोचले नाही. म्हणून माझं शेवटचं बघणं ते त्या सकाळचंच. मॅडमची गाडी ढकलत आत नेली, दार लागताना त्यांचा हात वर झालेला दिसला, मला का आणखी कुणाला, ते ठाऊक नाही. भाऊ बाकावर बसला. आणि तो तरुण डॉक्टर, ज्याला आत जायची घाई होती, तो दाराशी उभाच. खोक्यातला तो कागद त्याच्या हातात होता. पहिल्या ओळीपासनं बोट लावून तो वाचत होता.